टांकसाळीतून थेट घरी: स्मारक नाणी मागवायला निघालेल्यांसाठी

माझं पहिलं चांदीचं स्मारक नाणं मी एका प्रदर्शनात घेतलं. "ताई, हे आता कुठेच मिळायचं नाही," असं विक्रेत्याने सांगितलं आणि मी घासाघीस न करता पैसे मोजले. घरी आल्यावर सहज सरकारी टांकसाळीचं संकेतस्थळ उघडलं, तर त्याच नाण्याची नोंदणी चालू होती आणि किंमत मी दिली त्याहून बरीच कमी होती. नाणं अस्सल होतं. मला माहिती नव्हती, त्याचे पैसे गेले.

त्यानंतर मी टांकसाळीकडून बरीच नाणी मागवली. काही वेळेवर आली, काही कितीतरी महिन्यांनी आली, एक पार्सल परत गेलं, आणि एक सुंदर नाणं मी स्वतःच्या हाताने खराब केलं. त्या सगळ्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. भारत सरकारच्या स्मारक नाण्यांपुरतंच हे आहे. प्राचीन नाणी किंवा संस्थानी नाणी यांचा मार्ग वेगळा.

१. आपण नक्की काय घेतोय, हे आधी समजून घ्या

"स्मारक नाणं" या एका शब्दाखाली बाजारात तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली म्हणजे चलनात येणारी स्मारक नाणी. स्वतंत्र भारताचं पहिलं स्मारक नाणं १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघालं, १ रुपया आणि ५० पैसे अशा दोन मूल्यांत. ती लोकांच्या हातात फिरली. आपल्या जवळची उदाहरणं पाहायची तर १९९० चा डॉ. आंबेडकरांचा १ रुपया, १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं २ रुपयांचं नाणं, त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा १ रुपया आणि २००२ चं संत तुकारामांचं २ रुपयांचं नाणं. ही वाण्याकडून सुट्ट्या पैशांत परत यायची. आजही एखाद्या जुन्या डब्यात सापडतात.

दुसरी म्हणजे फक्त संग्राहकांसाठी पाडलेली नाणी, आणि हा लेख त्यांच्याबद्दल आहे. ७५, १००, १२५, १५०, ३५०, ५५०, १००० रुपये अशी त्यांची मूल्यं असतात. प्रसंगाला जितकी वर्षं झाली तितके रुपये, असं बऱ्याचदा असतं: गुरू नानकांच्या ५५० व्या प्रकाशपर्वाला ५५० रुपये, डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीला १२५ रुपये, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून १००० रुपये. ही नाणी कायद्याने चलनच आहेत, पण बँकेच्या खिडकीवर मिळत नाहीत. टांकसाळ ती दर्शनी मूल्यापेक्षा कितीतरी जास्त किमतीला विकते, कारण त्यात चांदी असते आणि घडणावळही.

तिसरी वस्तू म्हणजे स्मृतिपदक. हीसुद्धा टांकसाळ बनवते, दिसते नाण्यासारखी, पेटीही छान असते, पण तिच्यावर रुपयांतलं मूल्य नसतं आणि ती चलन नसते. २०२४ मध्ये निघालेलं रामलल्लाचं रंगीत चांदीचं स्मृतिनाणं या प्रकारातलं. अशी वस्तू आवडली तर जरूर घ्या, पण "१०० रुपयांच्या नाण्यासारखंच आहे" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. ओळखायची खूण सोपी आहे. नाण्याच्या एका बाजूला अशोकस्तंभाचा सिंहशीर्ष, खाली "सत्यमेव जयते", डावीकडे देवनागरीत "भारत", उजवीकडे तेच इंग्रजीत, आणि सिंहशीर्षाखाली मूल्य. मूल्य नसेल तर ते नाणं नाही.

२. राजपत्र वाचा

हा टप्पा नवखे लोक हमखास गाळतात. मीही गाळायचे. आता मी राजपत्र वाचल्याशिवाय एक रुपयाही भरत नाही.

भारतात नाणं काढायचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. नाणे अधिनियम, २०११ नुसार १००० रुपयांपर्यंतच्या मूल्याचं नाणं काढता येतं. म्हणूनच कोणी २००० किंवा ५००० रुपयांचं "सरकारी नाणं" दाखवलं तर ते नाणं नव्हे, एवढं लगेच कळतं. नवं स्मारक नाणं काढायचं ठरलं की अर्थ मंत्रालय राजपत्रात अधिसूचना काढतं. ती भारत सरकारच्या ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळते. दोन-चार पानांची असते, हिंदी आणि इंग्रजीत. आपल्या नाण्याचा जन्मदाखलाच म्हणा.

तिच्यात काय असतं ते एका उदाहरणावरून पाहू. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनानिमित्त मे २०२३ मध्ये ७५ रुपयांचं नाणं निघालं. अधिसूचनेनुसार ते गोल, ४४ मिलिमीटर व्यासाचं, कडेला २०० कंगोरे असलेलं आणि ३५ ग्रॅम वजनाचं आहे. धातू म्हणजे चार धातूंचं मिश्रण: ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. मागच्या बाजूला संसद संकुलाचं चित्र, वर देवनागरीत "संसद संकुल", खाली तेच इंग्रजीत आणि २०२३ हे साल. इतका तपशील हातात असला की कोणी काहीही सांगो, नाणं समोर ठेवून पडताळता येतं.

आता साधा हिशोब करा. ३५ ग्रॅमच्या निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. "पस्तीस ग्रॅम चांदीचं नाणं" ही जाहिरात तुम्ही बाजारात हमखास वाचाल. तिच्यात खोटं थोडंच आहे, पण जे सांगितलेलं नाही ते साडेसतरा ग्रॅमचं आहे.

सगळ्याच नाण्यांचा धातू सारखा नसतो. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला निघालेलं १० रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं आणि त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाला निघालेलं १० रुपयांचं नाणं आकाराने मोठं, साडेबावीस ग्रॅमचं, पण चांदी निम्मी, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅम. हातात घेतलं तर दुसरं जड लागतं आणि चांदी पहिल्यात जास्त निघते. उलट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेला ९० वर्षं झाली त्या वेळचं ९० रुपयांचं नाणं शुद्ध चांदीचं आणि ४० ग्रॅमचं आहे. म्हणून प्रत्येक नाण्याचं राजपत्र स्वतंत्र वाचायचं.

३. प्रूफ की यूएनसी?

नोंदणीच्या पानावर हा प्रश्न समोर येतो आणि नवखा माणूस गोंधळतो. दोन्हींचा धातू, वजन, चित्र सारखंच असतं. फरक घडणीत असतो.

यूएनसी म्हणजे चलनात न वापरलेलं. कोरं करकरीत, पण नेहमीच्या पद्धतीने पाडलेलं. टांकसाळीत नाणी एकमेकांवर आपटतात, त्यामुळे बारीक ठोके किंवा ओरखडे असू शकतात. तो दोष धरत नाहीत.

प्रूफसाठी साचा आणि कोरी चकती दोन्ही घासून-पुसून लखलखीत करतात, मग ठसा एकापेक्षा जास्त वेळा आणि सावकाश मारतात. त्यामुळे मोकळी जागा आरशासारखी होते आणि चित्र दुधी, धुकट दिसतं. प्रूफ नाणं खिडकीजवळ नेऊन हळूहळू कलतं करा. एका क्षणी आरसा काळा होतो आणि सिंहशीर्ष पांढराशुभ्र वर उठून येतो. पुढच्या क्षणी उलट, पार्श्वभूमी चकाकते आणि चित्र सावलीत जातं. हा खेळ पाहण्यासाठीच मी प्रूफ घेते.

सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावं? एकच नाणं घ्यायचं असेल तर प्रूफ. एखाद्या विषयाची मालिका जमवायची असेल आणि खिसा बेताचा असेल तर यूएनसी. दोन्ही प्रकारांचे जोड-संच जमवायची घाई पहिल्या वर्षी करू नका.

आणखी एक. काही प्रसंगांना मोठ्या नाण्याबरोबर ५ किंवा १० रुपयांचं छोटं नाणंही निघतं. तेव्हा एकट्या मोठ्या नाण्याचा संच आणि दोन नाण्यांचा संच असे वेगळे पर्याय दिसतात. कोणत्यावर बोट ठेवतोय ते नीट पाहा. एकदा पैसे भरले की बदल करून घेणं कटकटीचं असतं.

४. हाताशी काय लागेल

- स्वतःच्या नावाचा चालू मोबाइल क्रमांक आणि ईमेल
- ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळणारं नाव
- पिनकोडसह पूर्ण पत्ता, जिथे दिवसा कोणीतरी घरी असतं
- पॅन क्रमांक. मोठ्या रकमेच्या खरेदीला विचारला जाऊ शकतो
- पैसे भरण्यासाठी कार्ड, नेट बँकिंग किंवा यूपीआय
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा, व्हर्नियर कॅलिपर, साधं लोहचुंबक, दहापट मोठं दाखवणारं भिंग
- सुती हातमोजे, नाण्याच्या मापाच्या कॅप्सूल (नाणं बंद ठेवायच्या पारदर्शक डब्या), सिलिका जेलच्या पुड्या

पत्त्याबद्दल वेगळं सांगते. नोंदणी आणि पार्सल यांच्यात महिने जातात. भाड्याच्या घरात राहत असाल तर आईवडिलांचा किंवा ऑफिसचा कायमचा पत्ता द्या. माझं जे पार्सल परत गेलं ते घर बदलल्यामुळेच. ते पुन्हा मिळवायला किती ईमेल केले ते मोजलेले नाहीत.

५. नोंदणी करताना

आज देशात चार सरकारी टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. २००६ पासून त्या भारत प्रतिभूति मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम या सरकारी महामंडळाखाली चालतात. मुंबईची टांकसाळ फोर्टमध्ये आहे, रिझर्व्ह बँकेजवळ. पूर्वी छापील अर्ज भरून, डिमांड ड्राफ्ट जोडून टपालाने पाठवावा लागायचा. आता बहुतेक काम टांकसाळीच्या संकेतस्थळावर होतं.

समारंभात नाण्याचं अनावरण झालं म्हणजे ते लगेच विकत मिळतं असं नाही. आधी राजपत्र, मग अनावरण, मग कधीतरी नोंदणीची घोषणा. नोंदणी ठराविक तारखांपुरती खुली असते. बातमी वाचून उत्साहात आलेला माणूस त्याच दिवशी संकेतस्थळ उघडतो, तिथे काही दिसत नाही, मग तो इंटरनेटवर शोधतो आणि "मर्यादित प्रती, आजच घ्या" म्हणणाऱ्या कोणाच्या तरी जाळ्यात सापडतो. थांबा. आठवड्यातून एकदा टांकसाळीचं पान पाहायची सवय लावा.

संकेतस्थळाचा पत्ता नेहमी स्वतः टाइप करा. कोणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. टांकसाळीसारखंच चिन्ह आणि रंग लावलेली पानं तयार करणं अवघड नसतं.

किमतीत कर आणि टपालखर्च धरलाय का, ते शेवटच्या पानावर पाहा. पैसे भरल्यावर पावती आणि ऑर्डर क्रमांक दोन ठिकाणी जपा: ईमेलमध्ये आणि कागदावर. पैसे खात्यातून गेले पण ऑर्डर दिसत नाही, असं माझ्याबाबत दोनदा झालं. अशा वेळी लगेच पुन्हा पैसे भरू नका. दोन-तीन दिवस थांबून बँकेचा व्यवहार क्रमांक देऊन ईमेल करा. माझे दोन्ही वेळचे पैसे आपोआप परत आले.

मुंबईत असाल तर विक्री खिडकीची वेळ आधी विचारून मगच जा. सगळी नाणी तिथे हाताशी असतीलच असं नाही.

६. वाट पाहणं

याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. वेळ लागतो. तीन-चार महिने सहज, कधी त्याहून जास्त. मागणी पाहून नाणी पाडायची असतात, पेट्या बनवायच्या असतात. दर आठवड्याला ईमेल पाठवून काही फरक पडत नाही. सांगितलेली मुदत उलटली की ऑर्डर क्रमांक टाकून एक नेमकं ईमेल करा. नाणं हातात नसताना "येणार आहे" म्हणून ते पुढे कोणाला विकायचा करार मात्र करू नका. यात मैत्र्या तुटलेल्या पाहिल्या आहेत.

७. पार्सल आलं की

पार्सल उघडण्याआधी मोबाइल कोणाच्या तरी हातात द्या आणि चित्रीकरण सुरू करा. पाकिटाचे चारी कोपरे, शिक्का, पत्ता दाखवा, मग कात्री लावा. पेटी फुटलेली किंवा नाणं डागाळलेलं निघालं तर हाच पुरावा. चित्रीकरण मध्येच तोडू नका.

नाणं बंद कॅप्सूलमध्ये असेल तर ते उघडू नका, बाहेरूनच भिंगाने पाहा. सुटं असेल तर हातमोजे घाला, टेबलावर मऊ टॉवेल पसरा आणि नाणं फक्त कडेला, अंगठा आणि तर्जनीत धरा. मग राजपत्र समोर ठेवा. व्यास मोजा. वजन करा; शतांश ग्रॅमचा फरक पडला म्हणून घाबरू नका, थोडी कमी-जास्त कायद्यानेच गृहीत धरलेली असते. चुंबक जवळ न्या. चांदीच्या मिश्रणाचं नाणं चिकटत नाही.

आता टांकसाळीची खूण शोधा. ती बहुधा सालाच्या खाली असते. मुंबईची चौकट (पत्त्यांतल्या चौकटसारखी), हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते, त्यामुळे खूण दिसली नाही म्हणून नाणं खोटं ठरवू नका. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर चौकटीऐवजी "एम" हे इंग्रजी अक्षर असतं, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या प्रूफवर बॉम्बेचं "बी". जुनं मुंबई प्रूफ म्हणून कोणी चौकट असलेलं घासून चकचकीत केलेलं नाणं विकत असेल तर या एका अक्षरावर पकडता येतं.

८. बाजारातून घ्यायची वेळ आली तर

नोंदणी केव्हाच संपलेली जुनी नाणी हवी असतील तर प्रदर्शनं, लिलाव आणि विक्रेते हाच मार्ग. तिथे चांगली माणसं भरपूर आहेत. मला नाणं हातात धरायला ज्यांनी शिकवलं ते एक वयस्कर विक्रेतेच होते. पण हे सापळे ध्यानात ठेवा.

मुलामा दिलेली नाणी. साध्या ५ किंवा १० रुपयांच्या नाण्यावर सोनेरी मुलामा किंवा रंग चढवून "विशेष आवृत्ती" म्हणून विकतात. टांकसाळीने तसं काढलंय का, हे राजपत्रात सापडेल. सापडलं नाही तर ते कोणाच्या तरी कारखान्यातलं काम.

घासलेलं यूएनसी प्रूफ म्हणून. पॉलिश केलेल्या नाण्यावर चित्र आणि मोकळी जागा दोन्ही सारखीच चकाकतात. अस्सल प्रूफमध्ये दोन्हींत फरक असतो. भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा दिसल्या की नाणं परत ठेवा.

रिकामी पेटी. टांकसाळीच्या मूळ पेटीत दुसरंच नाणं घालून दिलेलं मी पाहिलंय. पेटी खरी म्हणून नाणं खरं असं समजू नका.

लाखोंच्या किमतीचे संदेश. "वैष्णोदेवीचं नाणं आहे का? दहा लाख मिळतील!" हा संदेश कधीतरी तुमच्याही फोनवर आला असेल. श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ मध्ये नाणी निघाली. त्यातली ५ आणि १० रुपयांची नाणी भरपूर पाडली गेली आणि चलनात आली. ती लाखात जात नाहीत. अशा जाहिरातीत आधी "नोंदणी शुल्क", मग "कर", मग "कमिशन" असे पैसे मागतात आणि रिझर्व्ह बँकेचं नाव पुढे करतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा. माझ्या शेजारच्या आजींनी अशा एका माणसाला पैसे पाठवायची तयारी केली होती. मुलगा वेळेवर आला म्हणून वाचल्या.

परदेशी कंपनीकडून दर्जा ठरवून घेतलेली, प्लास्टिकच्या पाटीत बंद केलेली नाणीही दिसतील, वर ६९ किंवा ७० असा आकडा. ही ७० गुणांची मोजपट्टी आहे. महाग जुन्या नाण्यासाठी ती उपयोगी, पण टांकसाळीतून नुकत्याच आलेल्या नाण्यासाठी त्यावर खर्च करू नये, असं माझं मत आहे.

घ्यायच्या आधी डोळा तयार करायचा असेल तर दोन जागा पाहून या: मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मुद्रा संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीचं नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय. अंजनेरीला मी अर्धा दिवस काढायचा म्हणून गेले आणि संध्याकाळी बंद व्हायच्या वेळी बाहेर पडले.

९. जपणूक

आता मी खराब केलेल्या नाण्याबद्दल. प्रूफ नाणं होतं, कॅप्सूलमध्ये धुळीचा एक कण दिसत होता. मी झाकण उघडलं, फुंकर मारली, तरी कण जाईना म्हणून स्वच्छ धुतलेल्या सुती रुमालाने हलकेच टिपलं. डोळ्यांना काही दिसलं नाही. रात्री टेबलदिव्याखाली कलतं केलं तर आरशावर डझनभर बारीक रेघा, रुमाल जसा फिरला तशा वळणाच्या. फुंकरीतल्या थुंकीचा थेंबही पडला होता. काही महिन्यांनी तिथे तांबूस ठिपका उमटला. ते नाणं मी आजही वेगळं ठेवलंय, नव्या मंडळींना दाखवायला.

तेव्हा: पुसू नका, फुंकू नका, नाण्यावर वाकून बोलू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, चांदी उजळायचं पाणी यांतलं काही लावू नका. देवाची भांडी उजळणारा हात नाण्यावर आवरावाच लागतो. चांदीवर काळानुसार येणारी पिवळसर, निळसर झाक हा दोष नाही. संग्राहक तिला उलट पसंती देतात. घासून पांढऱ्या केलेल्या नाण्याची किंमत मात्र पडते.

चार धातूंच्या नाण्यात ४० टक्के तांबं असतं, त्यामुळे दमट हवेचा त्याला लवकर त्रास होतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्याचे चार महिने जपायचे. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांमधून काही वर्षांनी चिकट हिरवट थर येतो. तो पीव्हीसीचा प्रताप. कडक, बिनवासाची कॅप्सूल वापरा. मोठ्या नाण्यांना ४४ मिलिमीटरची लागते. कॅप्सूल हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला. डबा लाकडी कपाटात किंवा डांबरगोळ्यांशेजारी ठेवू नका. टांकसाळीची पेटी आणि माहितीपत्रक फेकू नका, ते नाण्याचा भाग समजा.

१०. यात पैसे वाढतात का?

हा प्रश्न सगळे विचारतात. काही नाण्यांचे वाढले, कित्येकांचे नाही. चांदीचा भाव चढला की सगळ्याच चांदीच्या नाण्यांना आधार मिळतो, पण टांकसाळीची किंमत धातूच्या किमतीहून जास्त असते, म्हणून विकताना आधी ती दरी भरून निघावी लागते. नुसती गुंतवणूक करायची असेल तर चांदीसाठी याहून सोपे मार्ग आहेत. ज्या माणसाबद्दल, ज्या घटनेबद्दल तुम्हाला आस्था आहे तीच नाणी घ्या. मी फक्त संत, समाजसुधारक आणि संस्था एवढ्यावर थांबले आहे. त्यामुळे माझा डबाही आटोपशीर राहिलाय आणि खर्चही.

११. वही

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे आणि ते पार्सल आलं त्याच दिवशी करायचं. साध्या वहीत लिहा: नाण्याचा विषय, मूल्य, साल, खूण, प्रूफ की यूएनसी, राजपत्राची तारीख, कुठून घेतलं, किती दिले, मोजलेलं वजन. पावती त्याच पानाला टाचून ठेवा.

वहीच्या पहिल्या पानावर घरच्यांसाठी चार ओळी मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या नात्यातल्या एका काकांच्या पश्चात त्यांची १० रुपयांची पाच-सहा चांदीची नाणी सोनाराकडे मोडीत गेली. कोणाला माहीतच नव्हतं की ते काय आहे, आणि नाणं वितळवणं कायद्याने गुन्हा आहे हेही. माझ्या वहीत लिहिलंय: "ही भारत सरकारची नाणी आहेत. पुसू नका. मोडीत देऊ नका. विकायची झाली तर आधी ही वही घेऊन दोन जाणकारांना दाखवा, मगच ठरवा."

वही नाण्यांच्या डब्यातच ठेवली आहे, आणि ती तिथे आहे हे मुलीला सांगून ठेवलंय.